मत मागणे आणि पत राखणे

व्यापारी घरांत ‘पत’ या शब्दाला जे वजन आहे, ते क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाला असेल. दुकान लहान असले तरी चालते, भांडवल उसने असले तरी चालते. पण पत गेली की बाजारात उभे राहणे कठीण होते. म्हणूनच आपल्या घरांतून मुलांना लहानपणापासून दोन गोष्टी शिकवल्या जातात. दिलेला शब्द पाळायचा, आणि कोणाच्या दारी हात पसरायचा नाही. या संस्कारातूनच आपल्या समाजाने धर्मशाळा बांधल्या, पांजरपोळ चालवले, दवाखाने आणि वसतिगृहे उभारली. परंतु याच संस्कारामुळे एक गोष्ट आपल्याला, विशेषतः आपल्या लेकी-सुनांना, कायम अवघड वाटत आली आहे. ती म्हणजे मत मागणे. दान देताना ज्यांचा हात कधी थरथरत नाही, त्यांची जीभ ‘मला मत द्या’ एवढे म्हणताना अडखळते.

मी व्यवसायाने आहारतज्ज्ञ आहे. नागपुरातच शिकले, नागपुरातच सासर मिळाले, आणि गेली बावीस वर्षे रुग्णालयात व स्वतःच्या सल्लाकेंद्रात काम करते आहे. माहेरी गांधीबागेत कापडाचा व्यापार, सासरी इतवारीत धान्याचा. आमच्या शहरातील आहारतज्ज्ञांच्या संघटनेत मी दोन कार्यकाळ कोषाध्यक्ष होते. दोन्ही वेळा निवड बिनविरोध झाली. ‘‘हिशेब जैनांच्या सुनेकडेच असू द्या, एक पै इकडची तिकडे व्हायची नाही,’’ असे सभेत कोणीतरी म्हणे आणि सगळ्या जणी हसत हात वर करीत. त्या हसण्यात आपल्या समाजाविषयीचा विश्वास होता आणि तो मला सुखावीत असे. परंतु हा विश्वास तिजोरीच्या किल्ल्या सांभाळण्यापुरताच होता. तिजोरीत किती आहे हे कोषाध्यक्ष सांगते. ते कशासाठी खर्चायचे हे ठरवताना तिचे मत अनेकांतले एक असते. मला काही कामे सुचत होती आणि ती करून घ्यायची होती. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी अध्यक्षपदासाठी अर्ज भरला. दुसरा अर्ज एका ज्येष्ठ भगिनीचा आला. रुग्णालयातील माझ्या उमेदवारीच्या काळात मी त्यांच्याच हाताखाली काम शिकले होते. दोघींपैकी कोणीही अर्ज मागे घेतला नाही आणि मतदान होणार हे निश्चित झाले.

माझे सासरे अनेक वर्षे व्यापाऱ्यांच्या संस्थांत वावरलेले. एका रविवारी त्यांनी रोजमेळ मिटून बाजूला ठेवला आणि मला म्हणाले, ‘‘सूनबाई, तीन गोष्टी सांग. या पदातून मिळणार काय? तू उभी आहेस ती कोणाच्या विरोधात? आणि हरलीस तर?’’ त्यांनी मनाई केली नव्हती. सौद्याला हो किंवा नाही म्हणण्यापूर्वी व्यापारी माणूस भाव विचारतो, तसा त्यांनी भाव विचारला होता. प्रश्न रास्त होते, आणि हेच प्रश्न आज आपल्या कितीतरी घरांत विचारले जात असतील. आपल्या मुली आता केवळ घरच्या पेढीवर बसत नाहीत. त्या सनदी लेखापाल आहेत, औषधनिर्मात्या आहेत, डॉक्टर, वकील आणि माझ्यासारख्या आहारतज्ज्ञ आहेत. या प्रत्येक व्यवसायाची संघटना असते आणि तिथे निवडणूक असते. म्हणून मला जी उत्तरे सापडली, ती येथे मांडते आहे.

पहिला प्रश्न मिळकतीचा. पद बिनपगारी, उलट पदरचा वेळ आणि प्रवासखर्च घालायचा. मग मिळते काय? याचे उत्तर आमच्या व्यवसायाच्या इतिहासात आहे. पहिले महायुद्ध सुरू असताना, 1917 साली, अमेरिकेत गृहविज्ञानाच्या मोठ्या संघटनेचे वार्षिक अधिवेशन भरणार नव्हते. युद्धामुळे अन्न जपून वापरायचे होते, सैन्याच्या रुग्णालयांना आहार सांभाळणाऱ्या शिकलेल्या बायका हव्या होत्या, आणि नेमक्या अशा वेळी त्या बायकांना एकत्र बसून बोलायला जागा नव्हती. तेव्हा लुलू ग्रेव्हज आणि लेना कूपर या दोघींनी पुढाकार घेऊन क्लीव्हलंड शहरात स्वतंत्र बैठक बोलावली. शंभराच्या आसपास जणी जमल्या आणि त्यातून अमेरिकन डायेटेटिक असोसिएशन ही संघटना जन्माला आली. ग्रेव्हज तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. या कूपर बाईंविषयी आपल्या वाचकांना जिव्हाळा वाटावा असा एक तपशील आहे. त्या बॅटल क्रीक येथील ज्या आरोग्यधामात काम करीत, तिथे रुग्णांना शाकाहारच दिला जाई, आणि 1913 साली त्यांनी शाकाहारी पाककृतींचे एक पुस्तकही प्रसिद्ध केले होते. पुढे अमेरिकी सैन्याच्या पहिल्या पर्यवेक्षक आहारतज्ज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. आणि जी संघटना त्यांनी उभी केली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले ते 1937 साली, म्हणजे वीस वर्षांनी. आज ही संस्था अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन अँड डायेटेटिक्स या नावाने ओळखली जाते.

आपल्या देशात इंडियन डायेटेटिक असोसिएशन 1960 च्या दशकापासून काम करते आहे. तिच्या शाखा शहरोशहरी आहेत. पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातील उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी ती ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ ही परीक्षा घेते, आणि 10 जानेवारी हा दिवस आहारशास्त्र दिन म्हणून पाळला जातो. हे सारे कार्य ज्या बायका करतात, त्या दिवसभर रुग्णालयात खाटांमधून फिरून मग संध्याकाळी संघटनेची कागदपत्रे घेऊन बसतात. त्यातून त्यांना पैसा मिळत नाही. मिळतो तो व्यवसायाला एक आवाज.

हा आवाज आज का हवा, हेही सांगते. फार काळ आपल्याकडे कोणीही दारावर ‘डाएटिशियन’ अशी पाटी लावावी आणि डबाबंद भुकटी विकावी, अशी स्थिती होती. शिकलेली कोण आणि आठ दिवसांच्या शिबिरातून प्रमाणपत्र आणलेली कोण, हे ओळखण्याचे साधन सामान्य माणसाकडे नव्हते. 2021 साली संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांचा समावेश आहे, आणि व्यावसायिकांच्या नोंदवहीची तरतूद आहे. ही मोठी गोष्ट झाली. परंतु त्या रचनेत बसणाऱ्या सदस्यांची नेमणूक शासनाकडून होते. औषधनिर्मात्यांचे तसे नाही. 1948 च्या फार्मसी कायद्याप्रमाणे प्रत्येक राज्याच्या परिषदेवर नोंदणीकृत औषधनिर्माते आपल्यातून सहा सदस्य मतदानाने निवडून देतात. ज्या वाचकांची औषधांची दुकाने आहेत, त्यांच्या घरी या निवडणुकीची मतपत्रिका कधीतरी येऊन गेली असेल. सनदी लेखापालांची मध्यवर्ती परिषद आणि विभागीय परिषदा यांच्या निवडणुका तर आपल्या समाजातील तरुण किती हिरिरीने लढवतात, हे सांगायला नको. आहारतज्ज्ञांनी स्वतः मत देऊन निवडलेला आवाज मात्र सध्या त्यांच्या संघटनेतूनच उमटायचा. तिथे जर कोणी उभेच राहिले नाही, तर आपल्या व्यवसायाविषयी बोलणारे दुसरेच असणार.

आणि यात केवळ व्यवसायाचे हित नाही, आपल्या घरातील आजाऱ्याचेही आहे. एक साधा हिशेब मांडते. नागपुरात डिसेंबरात सूर्य सायंकाळी साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि सकाळी पावणेसातच्या सुमारास उगवतो. चौविहार पाळणारा रुग्ण सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाही, आणि सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी नवकारशी झाल्यावरच तोंडात पाणी घालतो. म्हणजे रात्रीचे सव्वातेरा तास आणि वरची 48 मिनिटे मिळून एकंदर चौदा तास होतात. पुष्कळ रुग्णालयांत रात्रीचे ताट सात-साडेसातला येते. ते आमचा रुग्ण परत पाठवतो, आणि नोंद होते ती एवढीच की रुग्णाने जेवण नाकारले. त्याला जर मधुमेह असेल आणि संध्याकाळी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांची नेहमीची मात्रा दिली गेली असेल, तर पहाटे त्याची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. यात डॉक्टरांची चूक नसते, परिचारिकेची नसते, आणि धर्म पाळणाऱ्या आजोबांचीही नसते. या तिघांमधला दुवा कोणी जोडलेला नसतो, एवढेच. पाच वाजता ताट पोहोचवणे आणि औषधाची वेळ डॉक्टरांकडून बदलून घेणे, इतक्याच दोन गोष्टी करायच्या असतात.

मी ज्या रुग्णांना पाहते त्यांच्यासाठी हे करू शकते. पण शहरात रुग्णालये किती, त्यांतल्या स्वयंपाकघरांची कंत्राटे किती निरनिराळी, आणि कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य म्हटल्यावर केवळ पांढरा भात आणि पातळ वरण वाढून मोकळे होणारे हात किती! आयंबिलाची ओळी चालू असलेल्या स्त्रीला दूध, दही, तूप, तेल, साखर यांपैकी काहीही चालत नाही, हे नव्या आहारतज्ज्ञाला कोणत्याच वर्गात शिकवलेले नसते. डायलिसिसवरील रुग्णाला पाणी, मीठ आणि पोटॅशियम मोजून द्यायचे असते, प्रथिने मात्र पुरेशी द्यायची असतात. अंडे वर्ज्य असलेल्या घरात ती प्रथिने कोणत्या डाळीतून, किती दुधातून, हे बसवणे कौशल्याचे काम आहे. एकटी व्यक्ती रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे गेली तर ती तक्रार ठरते. संघटनेची अध्यक्ष लेखी टिपण घेऊन गेली तर तो प्रस्ताव ठरतो. पदातून काय मिळते, याचे माझे उत्तर हे होते. बाबूजींनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे नफा रुग्णाच्या खात्यात जमा होणार. चालेल. पुढे बोल.’’

दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. कोणाच्या विरोधात? व्यापारी संस्थांत ‘बिनविरोध’ या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आहे. चार वडीलधारी माणसे बसतात, यंदा हा, पुढच्या वेळी तो, असे ठरते, आणि बाजारात वितुष्ट येत नाही. जिथे रोज एकमेकांशी उधारीचे व्यवहार आहेत, तिथे या पद्धतीमागे शहाणपण आहे हे मी मानते. माझ्याही बाबतीत हितचिंतकांनी मध्यस्थी केली. पहिले वर्ष त्यांनी पद भूषवावे, दुसरे मी, म्हणजे कोणाचेच मन दुखावणार नाही, असे सुचवण्यात आले. सूचना सद्भावनेची होती. मी नम्रपणे नकार दिला. कारण या वाटणीत आम्हा दोघींची सोय होती, पण रुग्णालयात नुकत्याच लागलेल्या, वर्गणी भरून सदस्य झालेल्या मुलींना कोणी काही विचारलेच नव्हते. बिनविरोध निवडीत उमेदवाराला काय करणार हे सांगावे लागत नाही. मतदान होणार म्हटले की ते सांगावे लागते, लिहून द्यावे लागते, आणि वर्षअखेरीस त्या कागदाशी जमाखर्च जुळवून पाहता येतो. मी त्या ज्येष्ठ भगिनींना घरी जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, माझ्या हाताखाली शिकलीस आणि निवडणुकीला घाबरलीस, तर मला वाईट वाटेल.’’ चहा झाला आणि दोघींनी ठरवले, की एकमेकींविषयी बोलायचे नाही, कामाविषयी बोलायचे. विरोधात कोणीच नव्हते. दोन यादी होत्या आणि त्यांतली एक सदस्यांनी निवडायची होती.

तरीही मनाला एक बोचणी होतीच, आणि ती आपल्या वाचकांना सहज कळेल. पदाची इच्छा धरणे हा मान-कषाय नव्हे का? प्रवचनांतून आपण क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय ऐकतो, आणि ते दुसऱ्याला लागू करून पाहणे फार सोपे असते. निवडणुकीइतकी त्यांची कसोटी मला अन्यत्र क्वचितच दिसली. कोणी म्हणाले, ‘‘पैसेवाल्या घरची आहे, हौस म्हणून उभी आहे,’’ की क्रोध उठतो. कोणी स्तुती केली की मान फुलतो. न जमणारे आश्वासन देऊन एक मत पदरात पाडावेसे वाटते, ती माया. आणि मोजणीच्या दिवशी छातीत जी धडधड होते, तिच्यात लोभ असतोच. पण म्हणून निवडणूकच टाळायची, हे औषध मला पटले नाही. आपल्याच शास्त्रात अभ्यंतर तपांमध्ये विनय आणि वैयावृत्त्य यांना स्थान आहे. आजाऱ्याची, थकलेल्याची सेवा हे तप मानले गेले आहे. सेवा संघटित करायची तर कोणीतरी पुढे उभे राहावे लागते. सेवेची जबाबदारी मागणे आणि मानाची खुर्ची मागणे यांत फरक आहे, आणि तो ओळखण्याची माझी खूण साधी आहे. हरल्यावरही तेच काम करावेसे वाटते का, एवढे स्वतःला विचारायचे.

मी माझ्या निवेदनात तीनच गोष्टी लिहिल्या. चातुर्मासापूर्वी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि तपश्चर्या करणाऱ्या कुटुंबांची एकत्र बैठक घेणे आणि उपवासातील आहार-औषधांविषयी एक लहान पुस्तिका काढणे. त्यात जैन उपवासांबरोबर रमजानचे रोजे आणि नवरात्रही यावे. दुसरे, उमेदवारीसाठी रुग्णालय शोधत फिरणाऱ्या विद्यार्थिनींकरिता जागांची एक यादी ठेवणे. आणि तिसरे, संघटनेचा जमाखर्च वर्षातून एकदा नव्हे, दर तिमाहीला सदस्यांपुढे ठेवणे. तिसऱ्या मुद्द्यावर बाबूजी हसून म्हणाले, ‘‘शेवटी हिशेबावर आलीसच.’’

मग मत मागण्याचे दिवस आले. पहिले दहा-बारा फोन मला फार जड गेले. हवापाणी, मुलांच्या परीक्षा, उन्हाळा असे सगळे विषय संपले तरी मूळ गोष्ट ओठांवर येईना. मग मला आमचे जुने मुनीमजी आठवले. वसुलीला जाताना ते म्हणत, की देणेकऱ्याकडे गेल्यावर पहिल्या वाक्यात कामाचे बोलावे, चहा नंतर घ्यावा. उलटे केले तर चहाही कडू लागतो. मी तसे केले. ‘‘मी अध्यक्षपदाला उभी आहे, तुमचे मत मागायला फोन केला आहे,’’ हे पहिले वाक्य, आणि ‘‘तुम्हाला संघटनेकडून काय हवे आहे?’’ हे दुसरे. त्यानंतर मी केवळ ऐकत राहिले.

जे ऐकले ते बावीस वर्षांच्या कामातही कानावर आले नव्हते. एक मुलगी एका मोठ्या रुग्णालयात काम करते. तिला रोज सकाळी साठ-सत्तर रुग्णांची ताटे तपासायची असतात, म्हणून एकाही रुग्णाशी पाच मिनिटे बोलता येत नाही. दुसरी शहराबाहेरच्या तालुक्याच्या गावी एकटीच आहारतज्ज्ञ आहे. अडले तर विचारायला तिला कोणी नाही. तिसरी बाळंतपणानंतर चार वर्षे घरी होती; पुन्हा कामावर येण्यापूर्वी नवे काय झाले ते शिकवणारा एखादा वर्ग तिला हवा होता. आणि आपल्याच समाजातील एक सून म्हणाली, ‘‘ताई, मत नक्की देईन. पण माझे नाव कोणत्याही यादीवर लिहू नका. घरी आवडत नाही.’’ तिची पदवी माझ्यापेक्षा वरच्या श्रेणीची आहे. त्या फोननंतर मी बराच वेळ दुसरा फोन लावला नाही.

नागपुरात आपल्या व्यापारी घराण्यांचे औदार्य जागोजागी दिसते. शंकरनगरच्या ज्या महाविद्यालयात शहरातल्या कितीतरी मुली गृहविज्ञान शिकल्या, त्याच्या नावात डागा घराण्यातील लेडी अमृतबाईंचे नाव आहे. स्त्रियांच्या डागा रुग्णालयात पिढ्यान् पिढ्या बाळंतपणे झाली. शाळांना, दवाखान्यांना देणगी देताना आपण मागे राहिलो नाही. इमारतीच्या कोनशिलेवर घरातील स्त्रीचे नाव कोरलेले आपल्याला अभिमानाचे वाटते. मग त्याच इमारतीत शिकून आलेल्या सुनेचे नाव मतपत्रिकेवर छापले गेले, तर संकोच का वाटावा? कोनशिलेवरचे नाव कोणी नाकारू शकत नाही आणि मतपत्रिकेवरचे नाकारू शकते, हेच त्याचे कारण असावे, असे मला वाटते. आपल्याला नकाराची भीती वाटते. आणि इथेच बाबूजींचा तिसरा प्रश्न येतो. हरलीस तर?

मी हरले. नऊ मतांनी. मोजणी रविवारी संध्याकाळी झाली; ज्येष्ठ भगिनींना पहिला हार मी घातला. सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे रुग्णालयात गेले. पहिल्या खाटेवरील आजींना निवडणूक ठाऊक नव्हती. त्यांना फक्त पेज नको होती. त्या आठवड्यात एकही रुग्ण कमी झाला नाही. इतवारीतल्या पेढीवरचा एकही जुना गिऱ्हाईक तुटला नाही. उलट दोन व्यापारी बंधूंनी बाबूजींजवळ चौकशी केली, की तुमच्या सूनबाई उपवासाच्या औषधांविषयी काही सांगतात म्हणे, आमच्या आईला दाखवायचे आहे. पत ही शब्द मोडल्याने जाते, उधारी बुडवल्याने जाते. मत कमी पडल्याने ती जात नाही, कारण मत म्हणजे कर्ज नव्हे. ज्यांनी मला मत दिले नाही, त्यांचे मी काही बुडवले नव्हते. ज्यांनी दिले, त्यांचे मात्र माझ्याकडे देणे राहिले होते.

ते देणे फेडण्यासाठी पद लागतेच असे नाही, हे पुढच्या महिन्यांत कळले. नव्या अध्यक्षांनी मला बोलावून विचारले, ‘‘तुझ्या यादीतले काय चालू करू या?’’ तिमाही जमाखर्च सुरू झाला. विद्यार्थिनींसाठी उमेदवारीच्या जागांची यादी झाली. ती मीच लिहिते. चातुर्मासापूर्वीची बैठक मात्र झाली नाही. रुग्णालयांना लेखी प्रस्ताव द्यायचे, डॉक्टरांच्या वेळा मिळवायच्या, यासाठी जो अधिकार आणि जो पाठपुरावा लागतो, तो ज्याच्या डोक्यात ते काम घर करून बसले आहे त्यानेच करावा लागतो. अध्यक्षांच्या डोक्यात त्यांची स्वतःची कामे होती आणि सदस्यांनी त्यांनाच कौल दिला होता. म्हणून पुस्तिकेचा मसुदा अजून माझ्या कपाटात आहे, आणि डिसेंबरातले ताट पुष्कळ ठिकाणी अजूनही साडेसातलाच येते आहे. हरल्याने माझी पत गेली नाही हे खरे. पण हरल्याने काम अडले हेही तितकेच खरे. म्हणूनच निवडणूक ही हौस नाही, आणि जिंकणे-हरणे सारखेच असते असे मी म्हणणार नाही.

नव्या कार्यकारिणीसाठी यंदा पुन्हा अर्ज मागवले आहेत आणि मी भरला आहे. या वेळी सासूबाईंनी स्वतः विचारून घेतले, की फोन किती करायचे आणि त्या वेळेत स्वयंपाकाचे कोण पाहील. मला तो पाठिंबा भाषणांपेक्षा मोलाचा वाटला.

वाचक बंधु-भगिनींना एक विनंती करते. आपल्या घरी एखादी लेखापाल, औषधनिर्माती, वकील, डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ मुलगी वा सून असेल, तर तिला तिच्या संघटनेविषयी विचारा. तिची वर्गणी भरली आहे का ते पाहा, कारण बहुतेक संस्थांत वर्गणी थकली की मतदारयादीतले नावही जाते, आणि ते लक्षात येते मतदानाच्या आदल्या आठवड्यात. मतपत्रिका आली तर ती टेबलावर पडून राहू देऊ नका. आणि तिने जर कधी उभे राहायचे म्हटले, तर तीन प्रश्न जरूर विचारा. त्यांची उत्तरे शोधताना तिचेच विचार स्वच्छ होतील. फक्त तिसरा प्रश्न विचारताना आवाजात भीती नसावी. आपल्या वाडवडिलांनी परक्या प्रांतात येऊन, भाषा येत नसताना, पहिल्या गिऱ्हाइकापुढे माल मांडला. तेव्हा तो नाकारला जाण्याची शक्यता त्यांनाही होतीच. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान उघडले.